उम्म सालेमच्या शेळ्या

कादिर हुर्जुकचा टँकर लांबून दिसला की उम्म सालेमच्या शेळ्या ओरडायला लागायच्या. इंजिनाचा आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता. तबूकपासून पूर्वेला डांबरी रस्ता सोडला आणि वाळूतल्या चाकोरीनं तासभर आत गेलं की तिचे दोन काळे तंबू लागत. एक तिचा आणि दुसरा शेळ्या राखणाऱ्या इद्रीसचा. बाजूला शेळ्या कोंडायचा जाळीचा वाडगा, पत्र्याचा हौद, आणि मग क्षितिजापर्यंत काही नाही.

कादिर मूळचा श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनचा. सौदीत आला तेव्हा आधी रास तनुराला कॅम्पमध्ये राहून अवजड गाड्या चालवायचा. तिथलं कंत्राट संपलं, तेव्हा एका ओळखीच्यानं त्याला तबूकला सालेमकडे पाठवलं. सालेम शहरात सरकारी कचेरीत कामाला होता. माणूस स्वभावानं चांगला, पण अंगानं आळशी. टँकर त्याच्या नावावर, शेळ्या त्याच्या नावावर, कादिर आणि इद्रीस या दोघांचे इकामे, म्हणजे राहण्या-कामाचे परवानेही त्याच्याच नावावर. पण शेळ्यांवर हुकूम चालायचा तो त्याच्या आईचा, म्हणजे उम्म सालेमचा. सत्तरी उलटली तरी ती शहरात राहायला तयार नव्हती. मुलाच्या घरात श्वास कोंडतो म्हणायची.

कादिर तिला खाला म्हणायचा. घरी बोर्लीत आईच्या बहिणीला तो हाच शब्द वापरायचा आणि अरबीतही तोच चालतो, म्हणून त्याच्या जिभेला तो पहिल्या दिवसापासून बसला. तिनंही कधी हरकत घेतली नाही. तो हौद भरेपर्यंत ती कॉफी करायची, खजूर पुढे ठेवायची आणि सालेमच्या आळसाच्या तक्रारी त्याला ऐकवायची.

या मुलखात पूर्वी रीम खूप होती. रीम म्हणजे आपल्याकडच्या चिंकाऱ्यासारखं हरीण, पण अंगानं पांढुरकं, वाळूत मिसळून जाणारं. उम्म सालेमच्या लहानपणी ती कळपानं दिसायची. पुढे पिकअप गाड्या आल्या, बंदुका आल्या, आणि तिचं लग्न होऊन दोन मुलं होईपर्यंत रीम नावापुरतीच उरली. मग तीनेक वर्षांमागे सरकारनं तिथं अभयारण्य केलं, पिंजऱ्यात वाढवलेली रीम कानात बिल्ले अडकवून सोडली आणि चाऱ्याच्या चांगल्या जमिनीभोवती पाट्या लावल्या. आत शेळ्या न्यायच्या नाहीत. उम्म सालेमचं निम्म्याहून जास्त रान त्या पाट्यांच्या पलीकडे गेलं. तिनं महिनाभर सगळ्यांच्या नावानं बोटं मोडली.

पण एका सकाळी एक रीम तिच्या तंबूपर्यंत आलं. इद्रीसनं नंतर कादिरला सांगितलं की म्हातारी हातातलं काम टाकून तशीच बसून राहिली. कोणी हलायचं नाही म्हणाली. त्यानंतर तिनं एक निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं कापून घेतलं, तंबूपासून थोडं लांब ठेवलं, आणि कादिरला सांगितलं की हौद भरला की हेही भरत जा. उन्हाळ्यात पहाटे रीम तिथं पाण्याला यायला लागली. दुपारी त्याच पिंपात शेळ्याही तोंड घालायच्या. कोणी त्यांना अडवलं नाही, अडवायचं कारणही कोणाला दिसलं नाही.

अभयारण्यातल्या हौदांना पाणी घालायलाही उन्हाळ्यात सालेमचाच टँकर भाड्यानं जायचा. तिथंच कादिरची डॉक्टर अलकाशी ओळख झाली. ती अभयारण्याची पशुवैद्य, परभणीची. एकदा तो हौदापाशी उभा राहून फोनवर बायकोशी, इस्मतशी, बोलत होता, तेव्हा जीपमधून उतरलेली ही बाई जागच्या जागी थांबली आणि हसायला लागली. मराठी ऐकून तिला महिने झाले होते. पुढे त्यांची गट्टीच जमली. तो तिला डॉक्टरबाई म्हणायचा, ती त्याला कादिरभाई. इस्मतनं पाठवलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, त्यानं तिला दिले, तर तिनं ते न भिजवता तसेच भातात टाकले आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं की तुमच्याकडे हे खातात की खिळे म्हणून ठोकतात. मग त्यानं तिला सगळी रीत समजावून सांगितली.

त्या वर्षी थंडीत पाऊस चांगला झाला. वाळूवर हिरवळ आली. बकरी ईदच्या आधी विकून चार पैसे सुटतील म्हणून सालेमनं उन्हाळ्याच्या तोंडाशी तबूकच्या बाजारातून स्वस्तात शेळ्या घेतल्या आणि आईच्या कळपात आणून सोडल्या. थोड्याच दिवसांत करडांची नाकं वाहायला लागली. मग तोंडात फोड, मग हगवण. आधी करडं गेली, मग अंगानं हलक्या असलेल्या माद्या.

उम्म सालेमला हा आजार माहीत होता. तिनं आजारी शेळ्या वेगळ्या बांधल्या, मीठ-लिंबाच्या पाण्यानं त्यांची तोंडं धुतली, वाडग्यात धुरी केली. मेलेली इद्रीस टेकाडामागे नेऊन खोल पुरायचा. तिनं सालेमलाही काही कळवलं नाही. इद्रीस आणि कादिर दोघांना समोर बसवून तिनं एवढंच सांगितलं की ही गोष्ट तंबूच्या बाहेर जाता कामा नये. पूर्वी एकदा शेजारच्या कळपात असंच काही निघालं तेव्हा सरकारी माणसं आली आणि अख्खा कळप घेऊन गेली. शिवाय अभयारण्यवाले तर कारणच शोधत बसलेत, असं तिचं म्हणणं होतं.

कादिरनं मान हलवली. आपलं काम पाण्याचं, असं तो मनाशी म्हणाला आणि गप्प राहिला.

पुढच्या पंधरवड्यात तो अभयारण्यात पाणी घालायला गेला, तेव्हा एका हौदाशी एक नर रीम उभं होतं. बाकीची बाभळीच्या सावलीला बसलेली आणि हे एकटं भर उन्हात, मान खाली. कादिर टँकरमधून उतरला, पाइप ओढत चालत गेला, तरी ते हललं नाही. डोळ्यांत पू साचलेला, नाकातून फेस. रानातलं जनावर माणसाला पाहून पळालं नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली. तंबूतल्या करडांचा चेहरा आणि हा चेहरा एकच होता.

त्यानं हौद भरला आणि टँकरच्या सावलीत बसून इस्मतला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी म्हणाली की तुमचं काय जातंय, तुम्ही पाण्याचे ड्रायव्हर, त्या बाईनं मना केलंय तर गप्प राहा. मग तिनंच आठवण काढली की तिच्या माहेरी शेळ्यांना असाच रोग आला होता, तालुक्याचा डॉक्टर येऊन लस टोचून गेला आणि राहिलेल्या वाचल्या. डॉक्टर वेळेवर बोलावला म्हणून वाचल्या, असं ती म्हणाली. कादिरच्या डोक्यात ते बसलं. लस टोचतील, राहिलेल्या वाचतील. म्हातारीचं भलंच होईल.

अलका दवाखान्यात, म्हणजे कार्यालयामागच्या कंटेनरमध्ये होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाजारातल्या शेळ्या, करडं, पुरलेली जनावरं, आणि हौदाजवळचं रीम. शेवटी म्हणाला की खालाचं नाव मात्र कुठं घेऊ नका.

अलका हातातलं काम ठेवून ऐकत होती. तिनं विचारलं की रीम त्या तंबूकडे जातात का. कादिरनं निळ्या पिंपाचं सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि उघडले.

“कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

“झाले पंधरा-वीस दिवस. तिनं मना केलं होतं.”

ती रागावली नाही. तिनं सांगितलं की हा शेळ्यांचा प्लेग असणार, आणि तसं असेल तर नाव लपवणं तिच्या हातात नाही. लगेच निघायला हवं. कादिर म्हणाला की आधी मी एकटा जाऊन खालाला सांगतो, मग तुम्ही या. अलका म्हणाली की तेवढा वेळ नाही. इद्रीसच्या फोनवर एक फोन करता आला असता. टँकर चालवताना पूर्ण वाटभर कादिरचा फोन त्याच्या समोर, काचेपाशी पडलेला होता. त्यानं तो उचलला नाही.

उम्म सालेमनं टँकरच्या मागे अभयारण्याची पांढरी जीप पाहिली आणि तिला समजलं. तरी पाहुणे आले म्हणून तिनं कॉफी केली, अलकाला गादीवर बसवलं. अलकानं तोडक्यामोडक्या अरबीत काय करणार ते सांगितलं. इद्रीसनं एकेक शेळी धरली, अलकानं कापसाच्या काड्यांनी नाकातलं पाणी घेतलं. म्हातारी शेजारी उभी राहून बघत होती. तुझ्याकडे औषध आहे का, असं तिनं विचारलं. अलका म्हणाली की आजारी पडलेल्यांना औषध नाही, निरोगी असलेल्यांना लस आहे, पण आधी तपासणी व्हायला हवी. म्हातारीनं मान हलवली. एवढ्या वेळात तिनं एकदाही कादिरकडे पाहिलं नाही. तो हौद भरून, पिंपाला हात न लावता, निघून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. तपासणीत प्लेगच निघाला. अभयारण्यात रीम पटापट पडायला लागली. सकाळी माणसं गाड्यांतून फिरून मेलेली गोळा करत आणि खड्ड्यात जाळत. गाड्या आणि बूट धुवायला कादिरचा टँकर तिथं उभा असायचा. जी उठूच शकत नव्हती, त्यांना अलका इंजेक्शन देऊन संपवायची. हे काम तिनं दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. एकदा कादिरनं तिला जीपमध्ये नुसतं बसलेलं पाहिलं, हातमोजे अजून हातात, इंजिन बंद. त्यानं पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली. तिनं ती मांडीवर ठेवली आणि प्यायली नाही.

मग शहरातल्या मोठ्या कचेरीत बैठक झाली आणि निर्णय झाला. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची वीस किलोमीटरची पट्टी रिकामी करायची. तिथला एकही कळप ठेवायचा नाही. आजारी जनावरं मारायची, निरोगी असतील ती वेगळी ठेवून नंतर विकायची, मालकांना भरपाई द्यायची. उम्म सालेमचा तंबू त्या पट्टीतला एकच नव्हता. आणखीही तंबू होते, ज्यांच्या शेळ्यांना साधी शिंकही आली नव्हती.

अलका हे सांगायला स्वतः हौदापाशी आली. कादिरनं पाइप बंद केला.

“लस देऊन भागलं नसतं?”

“निरोगी कळपांचं भागलं असतं,” अलका म्हणाली. “पण एकेका तंबूवर पोचायचं, टोचायचं, मग अंगात ताकद यायची, यात महिना-दीड महिना जातो. तोवर आत एक रीम उरलं नसतं.”

“हे साहेबांनी ठरवलं ना?”

“ठरवलं त्यांनी. पण तसं करा, असं लिहून दिलं ते मी.” अलका म्हणाली. “मला कोणी भाग पाडलं नाही, कादिरभाई. मला तेच बरोबर वाटलं. अजूनही वाटतं.”

तिनं साहेबांवर ढकललं असतं तर कादिरला बरं वाटलं असतं. पण रोज खड्ड्यातला धूर तोही पाहत होता. तो म्हणाला, “माझ्या बायकोला मी सांगितलं होतं, लस टोचतील म्हणून.”

ट्रक आले त्या दिवशी सालेम शहरातून आला होता. त्यानं कागदांवर सह्या केल्या आणि गाडीत जाऊन बसला. त्याची आई मात्र वाडग्याच्या दाराशी उभी राहिली. माणसं शेळ्यांना शिंगांना धरून ओढायला लागली, तेव्हा तिनं त्यांना थांबवलं आणि इद्रीसला पुढे केलं. इद्रीसनं तोंडानं नेहमीचा आवाज काढला आणि शेळ्या त्याच्या मागोमाग फळीवरून ट्रकमध्ये चढल्या. आजारी वेगळ्या ट्रकमध्ये. सगळं तासाभरात आटोपलं. तंबू उतरवायला तिनं ट्रकवाल्यांना हात लावू दिला नाही. कादिर पुढे झाला, तेव्हा तिनं त्याला नको म्हटलं नाही, पण बोललीही नाही. दोघांनी मिळून जड काळ्या कापडाची घडी घातली. केसांपासून विणलेल्या त्या कापडाला धुराचा आणि शेळ्यांचा वास होता. मग सालेम तिला गाडीतून शहरातल्या घरी घेऊन गेला.

शेळ्यांची भरपाई सालेमला मिळाली. इद्रीसची सोय लावण्याचं काम कोणत्याच खात्याकडे नव्हतं. तो सुदानमधला, दारफुरचा. गाव जळालेलं, बायको-मुलं सीमेपलीकडे छावणीत. परत पाठवायचं तर पाठवणार कुठे. अलकानं अभयारण्यात त्याला घेता येईल का, म्हणून बरीच खटपट केली. पण त्याचा इकामा शेळ्या राखणाऱ्याचा. कंपनीच्या नोकरीत तो बदलून मिळेना. दुसऱ्या कळपवाल्याकडेच जाता येणार होतं. शेवटी सालेमनं जौफकडच्या एका उंटवाल्याशी बोलणं केलं आणि इद्रीसला पोचवायला कादिरला सांगितलं.

अख्खा दिवस लागला. वाटेत दोघं पेट्रोल पंपावर थांबले, रोटी आणि फूल, म्हणजे घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, खाल्लं. इद्रीस कमी बोलायचाच, त्या दिवशी आणखी कमी बोलला. पोचले तिथं एकच तंबू, सावलीला झुडूपही नाही, आणि उंटच उंट. मालकानं इद्रीसचा इकामा मागून घेतला, खिशात घातला आणि कादिरला चहाही न विचारता यल्ला, चल नीघ, म्हणाला. कादिरला माणूस आवडला नाही. इद्रीसला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तोच म्हणाला, “शेळ्या काय नि उंट काय, जनावरं सगळी सारखीच. तू जा, अंधार व्हायच्या आत डांबरी गाठ.” कादिर गेला.

टँकर सालेमनं विकून टाकला. पाणी घालायला पट्टीत कळपच उरले नव्हते. कादिरच्या बाबतीत मात्र सगळं सोपं झालं. त्याच्याकडे अवजड गाडीचं लायसन होतं, अलकानं अभयारण्याला गाड्या पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे शब्द टाकला, सालेमनं कसलीही आडकाठी न करता ना-हरकत पत्र दिलं, आणि अभयारण्याच्या टँकरवर तो ड्रायव्हर म्हणून लागला. पगार पूर्वीपेक्षा जास्त, राहायला थंड खोली. इस्मत फोनवर अल्हम्दुलिल्लाह म्हणाली. इद्रीसला फोन केला तेव्हा ही गोष्ट सांगायची त्याला लाज वाटली. त्यानं नुसतं, काम मिळालं, एवढंच सांगितलं.

काही महिन्यांनी इद्रीसचा फोन लागेनासा झाला. सालेमकडून कळलं की त्यानं ती जागा सोडली. कोणी म्हणे मालकाशी भांडण झालं, कोणी म्हणे जिद्दाहकडे गेला. इकाम्याशिवाय गेला असेल तर कोणाच्या हाती लागला असेल, हे कोण सांगणार. कादिर बरेच दिवस तो नंबर लावत राहिला.

रीम मात्र सावरली. पहिल्या वसंतात थोडी पाडसं झाली, दुसऱ्या वसंतात पुष्कळ. मोठे साहेब आले, कॅमेरेवाले आले, कार्यालयासमोर सगळ्यांचा फोटो निघाला. कादिरला टोपी मिळाली आणि मागच्या ओळीत जागा. खोटं कशाला बोला, त्यालाही आनंद झाला होता. सकाळी टँकर घेऊन निघालं की पाडसं आईच्या मागे उड्या मारत पळायची, तेव्हा तो गाडी थांबवून बघत बसायचा. एकदा त्यानं इस्मतला व्हिडिओ कॉल लावून ती दाखवली. फोटोच्या दिवशी अलकाला सगळ्यांनी अभिनंदन म्हटलं. ती हसली, हात मिळवले, आणि दुपारनंतर पुन्हा एका साहेबाच्या खोलीत जाऊन बसली. तिचं तिथं एक काम दोन वर्षं अडकलेलं होतं.

ते काम असं होतं. पट्टी कायमची रिकामी ठेवायची गरज नाही, असं तिचं म्हणणं होतं. लस टोचलेले, कानात बिल्ला असलेले कळप थंडीच्या महिन्यांत तिथं येऊ द्यावेत, तपासणी आम्ही करू. साहेब बदलत गेले आणि ती प्रत्येकाला नव्यानं समजावत गेली. शेवटी एका साहेबानं सही केली. अलकानं कादिरला बोलावलं आणि म्हणाली की उम्म सालेमला ही बातमी तुम्ही सांगा, कार्यालयाच्या माणसाकडून नको, आणि मलाही त्यांना एकदा भेटायचंय, तेही विचारा.

कादिर या दोन वर्षांत तिच्याकडे एकदाही गेला नव्हता. ईदलासुद्धा नाही. सालेमला फोन करून सलाम सांगायचा, तेवढंच.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो गेला. सालेमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. म्हातारी एका खोलीत गादीवर बसलेली, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. म्हातारी वाळली होती. तिनं त्याला ओळखलं, बस म्हणाली, सुनेला कॉफी आणायला सांगितलं. त्याच्या घरच्यांची विचारपूस केली, मुलगा काय शिकतो ते विचारलं. जणू तो परवाच येऊन गेला होता. मग त्यानं परवानगीची बातमी सांगितली.

“कोणाच्या शेळ्या?” तिनं विचारलं.

“नवीन घेता येतील, खाला. सालेम घेईल.”

“सालेमनं त्या पैशात गाडी घेतली. बरं, शेळ्याही घेईल. राखणार कोण? इद्रीस कुठं आहे?”

कादिरनं कॉफीचा पेला उचलला. तिनंही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. कॉफी पिऊन झाल्यावर ती म्हणाली की तुझ्याकडे गाडी असेल तर मला एकदा तिकडे ने.

तो पिकअप घेऊन आला होता. सालेमनं आईला धरून खाली आणलं. तो बरोबर येणार होता, पण तिनं नको म्हटलं. शहर संपून चाकोरी सुरू झाल्यावर रस्ता तीच सांगायला लागली, जरी कादिरला तो पाठ होता. तंबूची जागा शोधायला त्यालाच वेळ लागला. वाऱ्यानं सगळं सपाट केलं होतं. तिनं टेकाडाकडे बोट दाखवलं आणि तिथून मोजल्यासारखं करून, थांब इथं, म्हणाली.

ती खाली उतरली, थोडी फिरली आणि बसली. कादिरनं काटक्या गोळा करून चहा केला. लांबवर पाच-सहा रीम चालली होती, माद्या आणि त्यांच्या मागे पाडसं. त्यांनी माना वर करून यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. म्हातारी त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती.

“त्यांना पाणी ठेवलं ते मी,” ती म्हणाली. “त्यातूनच गेलं ना?”

“डॉक्टरबाई म्हणतात तसं. पण कुठूनही गेलं असतं.”

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. “तू सांगितलंस याचा मला राग नाही. मी सांगितलं नसतं, कोणी तरी सांगायलाच हवं होतं. पण आधी माझ्याकडे यायला हवं होतंस. माझ्या तोंडावर म्हणायचं, खाला, मी आता गप्प बसणार नाही. मी तुला शिव्या दिल्या असत्या. आणि त्याच रात्री चांगल्या शेळ्या घेऊन इद्रीसला लांब पाठवून दिलं असतं. त्या वाचल्या असत्या. तोही आज त्यांच्याबरोबर असता.”

कादिरला माहीत होतं की तसं झालं असतं तर रोग त्या शेळ्यांबरोबर आणखी चार कळपांत गेला असता. अलकाला म्हणूनच तर घाई होती. हे त्याला म्हातारीला सांगता आलं असतं. त्यानं वाटेत काचेपाशी पडलेला तो फोन आठवला. तेव्हा त्याच्या मनात रोग पसरेल वगैरे काही नव्हतं. त्याला तिच्या शिव्यांची भीती वाटली होती, दुसरं काही नाही.

“चुकलं, खाला,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली, बरं म्हटल्यासारखी. मग उत्तरेचा वारा सुटला, दिवस मावळायच्या आत घरी पोचू, म्हणून तिनं त्याला हात मागितला. उठताना तिनं त्याच्या मनगटावर पूर्ण भार टाकला. परतीच्या वाटेवर कादिरनं विचारलं की डॉक्टरबाईंना तुम्हाला भेटायचं आहे, एखाद्या दिवशी घेऊन येऊ का.

“नको,” ती म्हणाली. “तू ये.”

दुसऱ्या दिवशी कादिरनं अलकाला जे घडलं ते सांगितलं. शेळ्या राखणार कोण म्हणाली, हे सांगितलं, आणि भेटायला नको म्हणाली, हेही सांगितलं. अलकानं विचारलं की म्हातारीचे गुडघे कसे आहेत. कादिर म्हणाला की उठताना आधार लागतो. अलका म्हणाली की पुढच्या वेळी जाल तेव्हा माझ्याकडची मलमाची ट्यूब न्या, माझं नाव सांगू नका. कादिर म्हणाला की आता तिच्यापासून काही लपवायचं नाय, नाव सांगूनच देईन, घेतली तर घेतली. अलकानं कपाट उघडून ट्यूब काढून दिली. बाहेर जीप तयार होती. पट्टीत येणारा पहिला कळप सोमवारी यायचा होता, कोणा दुसऱ्याचाच, आणि त्याआधी त्यांच्या शेळ्यांच्या लसी तपासायला दोघांना निघायचं होतं.